पडवीतला कुत्रा आणि आमची पाकी

आमच्या समाजात कुत्रा हा विषय निघाला की त्यावर चर्चा होत नाही, थेट निकाल लागतो. ‘नापाक’ हा एक शब्द कुणीतरी उच्चारतो आणि पुढचे बोलणेच संपते. तो उच्चारणाऱ्याने हदीस वाचलेली असते असे नाही, कुठल्या इमामाचे याबाबत काय मत आहे हे त्याला ठाऊक असते असेही नाही. लहानपणी आईने ‘शिवू नको’ म्हटलेले असते, तेवढ्या भांडवलावर तो साठ वर्षे काढतो. मीही काढली. मी शाळेत शिकवत होते, मुलांना विचार करायला शिकवते असा माझा समज होता, आणि कुत्र्याच्या बाबतीत मी स्वतः एकदाही विचार केलेला नव्हता. तो करावा लागला २०२५ च्या उन्हाळ्यात, आणि तोही पावसामुळे.

भाईजाननी सारी नोकरी वेल्हे तालुक्यात मास्तरकीत घालवली आणि निवृत्तीनंतर विंझरला गावठाणातले एक जुने कौलारू घर घेऊन तिथेच राहिले. सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वळायचे, नसरापूर मागे टाकायचे, मार्गासनीवरून वेल्ह्याच्या दिशेने निघाले की विंझर. डाव्या हाताला राजगड, समोर तोरणा. २०२४ मध्ये शासनाने तालुक्याचे नाव राजगड केले. लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. दर वर्षी मे महिन्यात मी अम्मीला घेऊन तिथे जाते. करवंदे, जांभळे, रात्री अंगणात बाज टाकून झोपणे, असा आमचा उन्हाळा.

त्या वर्षी बाज अंगणात टाकताच आली नाही. वीस मेच्या आसपास जो पाऊस लागला तो थांबेना. २४ मेला मान्सून केरळात आला आणि २६ मेला पुण्या-मुंबईपर्यंत पोहोचलासुद्धा. पुण्याला तो एरवी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, आणि मुंबईत इतक्या लवकर आल्याची नोंदच नव्हती. वर्तमानपत्रांत मुंबईचे तुंबलेले रस्ते आणि पाण्यात गेलेली भुयारी मेट्रो यांचे फोटो आले. मावळातल्या भातकऱ्याचा फोटो कुणी काढला नाही. राब भाजून ठेवलेला, त्याची राख वाहून गेली. कोरड्या मातीत धूळवाफेवर बी टाकायचे, तर माती कोरडी राहिलीच नाही. वाफसा नाही, नांगरट नाही. शेणी भिजल्या, पेंढा भिजला, पडलेले आंबे अंगणात कुजले. काजवे बघायला पुण्याहून गाड्या येतात त्याही चिखलाला भिऊन बंद झाल्या.

अशा एका रात्री तो पडवीत आला. तांबूस रंगाचा, लांब कानांचा, गळ्यात लाल पट्टा. अंगावर गोचिडी आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. शेजारच्या मावशी कंदील घेऊन बघायला आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, ह्ये वरच्या बंगल्याचं कुत्रं हाय. रखवालदार गेला निघून, मालक काय यीना. पंधरा दिस झालं, गावात हिंडतंय.”

वरचा बंगला म्हणजे उताराला पत्र्याचे कुंपण घालून बांधलेले फार्महाऊस. असे बंगले आता या खोऱ्यात जागोजाग आहेत. कूळकायद्याच्या ६३ व्या कलमानुसार आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. तरीही ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी औत धरलेले नाही असे लोक सातबाऱ्यावर शेतकरी म्हणून कसे लागतात, हे तलाठ्याला विचारण्याची सोय नाही. शेतकरी झाले की शेतकऱ्याच्या घरी कुत्रा हवा, म्हणून कुत्रा आणायचा. पोरे सुट्टीत त्याच्याशी खेळतात, फोटो काढतात. सुट्टी संपली की पिल्लू रखवालदाराच्या हवाली. ते मोठे होते, त्याचे खाणे वाढते, पाऊस लागला की मालक फिरकत नाही, पगार थकला की रखवालदारही जातो. मग पट्ट्यासकट कुत्रा गावाचा.

याला गुन्हा म्हणतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात पाळीव जनावर वाऱ्यावर सोडून देणे स्पष्ट लिहिलेले आहे. शिक्षाही लिहिली आहे: पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. आमच्या विंझरच्या बंगल्याच्या फाटकावरचे कुलूप याहून महाग आहे.

पण फार्महाऊसवाल्यांना झोडपणे सोपे आहे, आणि या पानांचे वाचक त्यात माझ्याबरोबर मान डोलावतील हे मला माहीत आहे. त्या रात्री आमच्या घरात काय झाले ते सांगते. अम्मी आतून ओरडली, “बाहर निकालो उसे, फरिश्ते नहीं आते.” भाभीने बादलीभर पाणी घेतले. मी खराटा घेतला. आम्ही तीन बायका, त्यांतली एक पदवीधर, पावसात थरथरणाऱ्या एका मुक्या जिवावर चाल करून गेलो. भाईजान मधे उभे राहिले म्हणून तो वाचला. ते एवढेच म्हणाले, “पडवी घराबाहेर आहे. उंबरा त्याने ओलांडला तर मग बोला.”

या उंबऱ्याचे पुढे मी खूप वाचन केले. कुरआनच्या ‘कहफ’ या अठराव्या सूऱ्यात जुलमापासून पळून गुहेत लपलेल्या तरुणांची कथा आहे. त्यांच्याबरोबर एक कुत्रा आहे, पुढचे पाय पसरून गुहेच्या उंबऱ्याशी बसलेला. ते तरुण किती होते याबद्दल लोक वाद घालतील असे तिथे म्हटले आहे, आणि प्रत्येक मोजणीत शेवटी तो कुत्रा मोजलेला आहे. आमच्यातले कितीतरी लोक दर जुम्म्याला हा सूरा पढतात. अर्थ न समजता पढतात म्हणून कुत्रा त्यांना दिसत नाही, याखेरीज मला दुसरे कारण सापडत नाही. ‘माइदा’च्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावरांनी धरून आणलेले भक्ष्य हलाल ठरवले आहे. तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्याला विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केले, ही हदीस बुखारीत आहे. आणखी एका हदीशीत हेच काम एका बदनाम बाईने केले आणि तिलाही माफी मिळाली.

हे सांगितले की लगेच दुसरी बाजू पुढे येते, आणि ती मी लपवणार नाही. ज्या घरात कुत्रा असतो तिथे फरिश्ते येत नाहीत ही हदीस आहे. शिकार, गुरे आणि शेती यांच्या राखणीखेरीज कुत्रा पाळणाऱ्याचे पुण्य रोज घटते, हीही आहे. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुवा, त्यांतले एकदा मातीने, हीही आहे. पण या हदीशींतून काय काढायचे याबद्दल इमामांमध्येच एकमत नाही. मालिकींच्या मते कुत्रा पाक आहे आणि भांडे धुणे हा केवळ आज्ञापालनाचा भाग आहे. आपण पुण्याचे बहुतेक लोक हनफी. हनफींच्या रुजलेल्या मताप्रमाणे त्याची लाळ नापाक, अंग नव्हे. कोरडा कुत्रा कपड्याला घासून गेला तर नमाज बिघडत नाही. शाफई मत सर्वांत कडक, कोकणातले आपले बांधव ते मानतात. ‘नापाक’ या एका शब्दामागे इतके मतभेद आहेत. आणि कडकातले कडक मत धरले तरी सांगितले आहे ते भांडे धुवायला. दगड मारायला, उकळते पाणी टाकायला, पोत्यात घालून घाटात सोडायला कुठल्या इमामाने सांगितले, ते मला कुणीतरी दाखवावे.

दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये इब्न अल्-मर्झुबान नावाचे विद्वान होऊन गेले, ९२१ मध्ये वारले. त्यांनी एक ग्रंथच लिहिला आहे, ज्याच्या नावाचा अर्थ होतो: कपडे घालून फिरणाऱ्या अनेकांपेक्षा कुत्र्यांचे श्रेष्ठत्व. अकराशे वर्षांपूर्वी मुसलमान लेखक असे नाव देऊ शकत होता. आज दिले तर काय होईल याची कल्पना वाचकांनीच करावी.

तर कुत्रा पडवीत राहिला. नाव त्याचे रॉकी होते म्हणे. गावाने त्याचा रॉक्या केला. भाईजान बाहेरच फुटक्या घमेल्यात भात टाकत. अम्मी तोंड फिरवून वजूला जाई. ३० मेला, शुक्रवारी संध्याकाळी वीज गेलेली असताना मावशींचा नातू मधाच्या वाटीसाठी धावत आला आणि अंधारात रॉक्याच्या पायावर पडला. रॉक्या चावला. पोटरीला, रक्त येण्याइतका.

पुढच्या अर्ध्या तासात मी माझ्या देशाचे आरोग्यशिक्षण पाहिले. एकाने चुना आणला, एकीने तिखट. अम्मीला तिच्या लहानपणी शेजारच्या मुलाच्या पोटात दिलेली चौदा इंजेक्शने आठवून ती रडायला लागली. ती लस २००५ च्या सुमारासच बंद झाली, हे सांगून तिला पटेना. मी मुलाला मोरीत बसवून साबणाने आणि वाहत्या पाण्याने जखम धुवत राहिले, घड्याळ लावून पंधरा मिनिटे. पहिला आणि सर्वांत मोठा उपाय तोच आहे, आणि तो पाळीव, भटक्या, ओळखीच्या, अनोळखी कुठल्याही कुत्र्याच्या चाव्याला लागू आहे. मग भाईजाननी त्याला दवाखान्यात नेले. लस मिळाली, रक्त आलेल्या जखमेत लसीशिवाय जे सिरम टोचावे लागते ते तिथे नव्हते, त्यासाठी रात्री पुणे गाठावे लागले. लसीचे चार दिवस ठरले: पहिला, तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. नदीला पूर येवो की रस्त्यावर दरड येवो, ते चुकवायचे नाहीत.

इकडे गावात बैठक बसली. विष घाला, असे दोघे म्हणाले. पोत्यात घालून पाबे घाटात सोडा, असे तिसरा म्हणाला. पुण्याहून आलेले आमचे एक नातलग, दाढी पांढरी, बोलणे गोड, अम्मीला म्हणाले, “देखा खाला? मना किया है तो कुछ सोच के किया है.” त्यांना वाटले त्यांचा मुद्दा सिद्ध झाला. भाईजान पुण्याहून परतले आणि डॉक्टरांनी सांगितलेले त्यांनी सगळ्यांना ऐकवले. चावलेला कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला मारायचे नाही, पळवायचे नाही; बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवायचा. दहा दिवस तो धडधाकट जगला तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे निश्चित समजायचे. मेला किंवा पिसाळला तर लगेच कळवायचे. कुत्रा घाटात सोडला तर पोराच्या जिवाची ही एकमेव खूण आपण आपल्या हाताने घाटात सोडतो.

दहा दिवस म्हणजे ९ जूनपर्यंत. आणि ७ जूनला बकरी ईद.

मी अम्मीला या दिवसांत जे करताना पाहिले ते कुठल्या मौलवीच्या बयानात बसेल मला सांगता येत नाही. पहाटे फजरला उठली की आधी ती पडवीच्या दाराची फट उघडी करून बघायची, “पानी पिया उसने?” पाणी पितो आहे, लाळ गळत नाही, हाक मारली की कान हलवतो, एवढे पाहिले की मगच मुसल्ला पसरायची. मावशी समोरच्या घरातून विचारायच्या, “आजी, जेवला का ओ?” दोन म्हाताऱ्या, एक माळ जपणारी आणि एक तसबी ओढणारी, एका टाकलेल्या कुत्र्याच्या जेवणावर नजर ठेवून होत्या. ईदच्या दिवशी वाटे लावताना अम्मीने हाडे बाजूला काढली आणि भाईजानना म्हणाली, “उसका भी निकालो, घर में है तो.” घर में है. आठ दिवसांपूर्वी याच बाईला फरिश्त्यांची काळजी होती.

माझा वाद अम्मीशी नाहीच. ती अडाणी नाही, तिला कुणी नीट सांगितले नव्हते. माझा वाद आहे सांगणाऱ्यांशी. रेबीजने जगात दर वर्षी अंदाजे एकोणसाठ हजार माणसे मरतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे त्यांतली छत्तीस टक्के आपल्या देशात. मरणारे बहुतेक गरीब, त्यांत मुले जास्त. वस्तीतल्या सत्तर टक्के कुत्र्यांना दर वर्षी लस टोचली तर हा रोग कुत्र्यांतच थांबतो. लस टोचायची तर कुत्र्याला कुणीतरी धरावे लागते, आणि धरायला कुणीतरी त्याच्या ओळखीचा असावा लागतो. आमच्या मोहल्ल्यात असा माणूस नाही, कारण हात लावणाऱ्याला हसतात. मटणाच्या दुकानांची आतडी-कातडी मात्र आम्ही कोपऱ्यावर टाकतो, त्यावर कुत्री पोसतो, त्यांची संख्या वाढली की महापालिकेला शिव्या देतो. घराच्या आतली पाकी आणि गटारापाशी टाकलेली पिशवी यांचा एकमेकींशी संबंध नसल्यासारखे आमचे धर्मकारण चालते. कुंपणीच्या पलीकडे पाकी लागू नाही काय?

दुसरीकडे, काही मित्र कुत्र्याचे निमित्त करून अख्ख्या मुसलमानांना क्रूर ठरवतात, त्यांचेही थोडे ऐकवते. इस्तंबूलच्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी उस्मानी काळात लोक वक्फ करत. ती कुत्री हजारोंनी गोळा करून ओसाड बेटावर उपाशी मारली गेली ती १९१० मध्ये, शहराला युरोपासारखे ‘आधुनिक’ करायची घाई सुटली तेव्हा. मुंबईत १८३२ मध्ये कुत्री मारण्याच्या हुकुमाविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले, तो हुकूम कंपनी सरकारचा होता. आणि २०२५ च्या त्याच मे महिन्यात आमच्या महाराष्ट्रात वाद कशावर पेटला होता? रायगडावरच्या वाघ्याच्या स्मारकावर. तो इतिहासात होता की नाटकात, ३१ मेपर्यंत हटवायचा की ठेवायचा. दगडाचा कुत्रा काढायला एक बाजू, राखायला दुसरी. राजगडाच्या पायथ्याला जिवंत कुत्री पट्ट्यासकट हिंडत होती, त्यांच्या बाजूने ना हे आले ना ते. ज्या मातीत नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा सांगतात, जिथे खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो, तिथल्याच भाविकांचे ते बंगले आहेत. आता आपल्यातलेही काही फार्महाऊसवाले झाले आहेत, तेव्हा हा पुण्याईचा हिशोब धर्मावारी मांडू नये हे बरे.

ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात हा विषय गेला. ११ ऑगस्टला दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा आदेश निघाला, २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी करा, लस टोचा आणि पिसाळलेली वा हिंस्र वगळता जिथून उचलली तिथे सोडा. दूरचित्रवाणीवर दोन्ही बाजूंनी महिनाभर गळे काढले गेले. त्या सगळ्या गोंगाटात ‘भटके’ कुत्रे भटके होते कसे, हे विचारणारा मला तरी दिसला नाही. रॉक्या जन्माने भटका नव्हता. त्याची किंमत मोजून त्याला आणलेले होते. त्याच्यासारख्याला नसबंदी न करता सोडले की पुढच्या वर्षी गावात आणखी आठ-दहा होतात, आणि ती मात्र खरोखर भटकी असतात. रानाकडेच्या वाड्यांवर त्यांचे पुढे काय होते तेही सांगायला हवे. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले भागात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. कुत्रा आहे म्हणून बिबट्या वस्तीत येतो, आणि मग बिबट्या आला म्हणून आपण वनखात्याच्या नावाने ओरडतो.

९ जूनला रॉक्या धडधाकट होता. मावशींनी नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा नातवाला आणि दुसरा त्याला. अठ्ठाविसाव्या दिवशीचे इंजेक्शनही चुकले नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडून त्याला लस टोचून घेतली, गोचिडी काढल्या, नसबंदीही झाली. हे सगळे खर्च भाईजानच्या पेन्शनीतून झाले. बंगल्याच्या मालकाला फोन केला होता; त्यांनी फोटो पाठवा म्हटले, पाठवला, मग उत्तर नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा विंझरला गेले. भाताची कापणी चालली होती, जे हाती लागले त्याची. रॉक्या पडवीतच आहे. उंबरा त्याने अजून ओलांडलेला नाही, आणि अम्मीनेही आपले मत बदललेले नाही. त्याने एकदा तिच्या कपाला तोंड लावले तेव्हा तिने तो सात वेळा धुतला, एकदा अंगणातली माती लावून. धुऊन झाल्यावर त्याच्या घमेल्यात पाणी घातले.

दुपारी वरच्या बंगल्यावर गाडी आली. मालक आमच्या दारावरून खाली दुकानात गेले. रॉक्या उठून उभा राहिला, शेपटी हलवली, दोन पावले पुढे गेला. त्यांनी बघितले असेल-नसेल. त्यांच्या मागे मुलगी होती, तिच्या कडेवर पांढरे पिल्लू, गळ्यात लाल पट्टा. भाईजान अंगणातून म्हणाले, “साहेब, हा तुमचा ना?”

“हा होय? नाही हो,” ते म्हणाले, “आमचा होता, तो मोठा छान होता.”